कू पानदोल यांचे बूट

११ ऑक्टोबर, शनिवार

आले एकदाची सेऊलमध्ये! स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या जमिनीवर आडवी पडून ही नवी वही सुरू करते आहे. लाल विटांची जुनी इमारत, दुसरा मजला, एक खोली आणि बोटभर स्वयंपाकघर. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या दिसतात. थोंगयोंगच्या आमच्या घरातून समुद्र दिसायचा. असू दे, मिरच्याही वाईट नाहीत.

खोली मी अशीतशी नाही घेतली. दलालाच्या गोड बोलण्यावर जाणाऱ्यातली ही दाओन नव्हे. ही गल्ली मी सकाळी चालून पाहिली, ऑफिसं सुटायच्या वेळेला पुन्हा चालून पाहिली. दिवे कुठे आहेत, कोणता कॅमेरा नुसताच लटकवलेला आहे, पोलीस चौकी किती लांब, रात्रभर उघडं असणारं दुकान किती जवळ. बायका कपडे बाहेर वाळत घालतात का, हेसुद्धा पाहिलं. कचऱ्याच्या पिशव्या गाठी मारून नीट रांगेत होत्या, तिथेच माझी निम्मी खात्री पटली.

उरलेली निम्मी पटली ती माणसाला विचारून. गल्लीच्या तोंडाशी राखाडी टोपीवाला एक गृहस्थ मांजरांना खाऊ घालत होता. मी त्याला सरळच विचारलं, की मी एकटीच राहणार आहे, इथे कसं काय आहे? त्याने मांजराची वाटी आधी नीट सरळ ठेवली, मग उठून, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "एकट्या मुलीला इथे काही भीती नाही. मी रोज इथेच असतो." मुक्या जिवाला जीव लावणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

सामान लावून द्यायला आई आली होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंशी तिची लगेच गट्टी जमली. त्यांना सगळी गल्ली मावशीच म्हणते. दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले, गुडघेदुखीच्या गोळ्यांची चर्चा केली. निघताना आई मला म्हणाली, "नाही जमलं तर लाजू नकोस, परत ये. कालवं सोलायला माणसं लागतातच." म्हणजे तिला खात्रीच आहे. मी कालवं सोलायला परत जाणार नाही, हे इथे लिहून ठेवते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसातल्या बोराताईने आज माझी शाळा घेतली. ताई माझ्याहून मोठी, या शहरात एकटीने राहून पक्की झालेली. मी कॅमेऱ्यांचं पुराण लावलं तर हसत सुटली. म्हणाली, दिवे बघून घर घेतलंस, आता पुरुष कुठून आणणार? दाराबाहेर मोठ्या मापाचे बूट ठेवायचे आणि पार्सलं पुरुषाच्या नावाने मागवायची, हे तिच्या मते कुलपाच्याही आधी करायचं. आणि नाव कसं हवं, तर वाचूनच मानेवरचं गोंदण दिसलं पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी मिळून माझा पुरुष जन्माला घातला. कू पानदोल. हसून हसून माझ्या नाकातून सूप आलं.

संध्याकाळी जुन्या बाजारातून त्याचे बूट आणले. काळे, जाड तळव्यांचे, होडीएवढे. पायपुसण्याशेजारी ठेवले.

१९ ऑक्टोबर, रविवार

मावशींनी जिन्यात गाठलंच. पानदोल कोण? इथे नाव बघून कोण घाबरलं कोण जाणे, मावशींना मात्र खाज सुटली. खरं सांगितलं असतं तर सगळ्या गल्लीला कळलं असतं की बूट रिकामे आहेत. म्हणून म्हटलं, आमचं ठरलंय, तो तिकडे जहाजाच्या कारखान्यात असतो, अधूनमधून येतो, आईला इतक्यात सांगू नका. मावशींनी डोळा मारला. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या काकांनीही "कधी येणार जावईबापू?" म्हणून विचारलं. थापेला पाय फुटले की ती आपल्याआधी घरी पोचते.

पण छान वाटलं. गल्लीला आता ठाऊक आहे की मी एकटी नाही. बूट रोज थोडे सरकवते, नाहीतर खोटे वाटतील.

३० ऑक्टोबर, गुरुवार

एक गंमत. बुटाच्या तळव्याला रस्त्याकडेच्या गिंको झाडाचं पिवळं पान चिकटलं होतं, चिरडलेलं, त्या फळाच्या घाणेरड्या वासासकट. बूट तर दारातून हललेले नाहीत. मांजरांनी आणलं असेल. आताशा दोन मांजरं रोज माझ्या दाराशी येऊन त्या बुटांशेजारी बसतात. मी तर त्यांना काही घालत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

कोट न्यायला लाँड्रीत गेले, तर काकांनी कोटाबरोबर एक शर्ट दिला. पांढरा, इस्त्रीचा, चांगला मोठ्या मापाचा. पानदोलसाहेबांचा, म्हणाले. ते स्वतः टाकून गेले, पैसे आधीच दिलेत, फार सभ्य माणूस. मी शर्ट घेऊन बाहेर आले. नाही कसं म्हणणार? माझंच माणूस ना ते?

बोराताईला फोन केला, की पुरे झाली मस्करी. ती शपथेवर म्हणते, मी नाही. आधी हसत होती, मग हसायची थांबली.

शर्ट कपाटात ठेवलाय. टाकून द्यावासा वाटतो, पण हात लावायचं धाडस होत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मावशींच्या गच्चीवर वर्षाची किमची घालायचा कार्यक्रम होता. मला ऑफिस होतं. संध्याकाळी आले तर हात तिखटाने लालभडक झालेल्या मावशी माझी वाटच पाहत होत्या. माझ्या वाट्याचा डबा हातात देऊन म्हणाल्या, तू नाहीस तर नाहीस, तुझा पानदोल दोन माणसांचं काम करून गेला. मिठातल्या कोबीचे गड्डे वर चढवले, पिंप धुतलं, सगळ्यांबरोबर बसून डुकराचं मांस आणि ताजी किमची खाल्ली. गल्लीतल्या सगळ्या बायका खूश आहेत.

कसा दिसतो, असं मी माझ्याच होणाऱ्या नवऱ्याबद्दल विचारलं. मावशींना ते लाडिक वाटलं. राखाडी टोपी, म्हणाल्या. आणि मांजरं काय त्याच्या मागे मागे! या गल्लीत मांजरांना कोण विचारतं? तो येतो तेव्हाच त्यांची चंगळ.

मी डबा घेऊन तिथेच जिन्यावर बसले. त्याला मी स्वतः सांगितलं होतं की मी एकटी राहणार आहे. बाकी सगळ्या गल्लीने बुटांवर विश्वास ठेवला. बुटांत कोणी नाही हे ठाऊक असलेला या शहरात बोराताईशिवाय एकच माणूस, आणि तो त्यात पाय घालून फिरतोय.

१६ नोव्हेंबर, रविवार

मावशींना खरं सांगितलं. सगळं. नाव, बूट, थाप. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि विचारलं, "पोरी, भांडलात का?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

घरी आले तर भाताचं भांडं गरम. मी सकाळी भात लावला नव्हता. सिंकशेजारी दोन वाट्या धुऊन उपड्या घातलेल्या, दोन चमचे, टोकाला टोक लावून. दोघांपुरता भात, एका बाजूने खाल्लेला. माझी बाजू तशीच ठेवलेली.

मावशी म्हणाल्या, त्याला कुलपाचा आकडा आठवेना, तो बिचारा थंडीत उभा होता, म्हणून माझ्याकडच्या जादा कार्डाने उघडून दिलं. घरचाच तर माणूस.

चौकीत गेले. दोघे पोलीस आले, चांगले वागले. त्यांनी दाराबाहेरचे बूट पाहिले. कोपऱ्यातली पार्सलांची रिकामी खोकी पाहिली, प्रत्येकावर कू पानदोल. कपाटातला शर्ट पाहिला. लाँड्रीवाल्या काकांना विचारलं, मावशींना विचारलं. मग त्यातल्या धाकट्याने मला अगदी हळू विचारलं, की हे नातं मी मोडू पाहते आहे का. त्याला काय दोष द्यायचा? सगळा पुरावा मीच तर गोळा करून ठेवलाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

कुलपाचा आकडा बदलला. मावशींकडून कार्ड मागून घेतलं. त्या रडल्या. आतून जाड साखळीची कडी बसवून घेतली.

२३ नोव्हेंबर, रविवार

बूट उचलले आणि चौकाच्या पलीकडच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकून आले. मोकळं वाटलं. किती दिवसांनी जेवले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बूट दारात आहेत. पॉलिश केलेले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बोराताईकडे आहे. तिचीही एकच खोली, किती दिवस पडून राहणार? ताई म्हणते घर सोड. मीही तेच म्हणते. मग कुठे? दुसऱ्या गल्लीचे दिवे बघायला? आता दिवे बघितले की ते कोणाला उपयोगी पडतात हेच डोक्यात येतं.

आईचा फोन. कालवांचा हंगाम आहे, रविवारी खोकं घेऊन येते म्हणाली. आवाज आनंदी होता. मला सांगता आलं नाही — सांगितलं तर रविवारी ती मला घेऊनच जाईल — आणि मी म्हटलं होतं ना, जाणार नाही.

तिला कुलपाचा नवा आकडा पाठवला. ती नेहमी वेळेआधी येते आणि थंडीत उभी राहते. पण बसस्टँडवर मीच घ्यायला जाणार आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

परत आले. आईसाठी खोली झाडायला हवी होती. बूट नाहीत दारात. मांजरंही नाहीत.

नाहीत हे जास्त वाईट आहे. म्हणजे ते पायांत आहेत.

उद्या आईला सगळं सांगायचं. ठरलं. कालवं तर कालवं. लाज गेली चुलीत. उद्याच तिच्याबरोबर निघायचं, पिशवी भरून ठेवली आहे.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळ

कोट घालून निघणार तोच आईचा फोन. लवकरची बस मिळाली म्हणे. तू कशाला येतेस, आम्ही टॅक्सीत बसलो. आम्ही?

"इतका गुणी मुलगा, आणि आईपासून लपवलास? खोकं मला उचलूही दिलं नाही त्याने."

तिने मावशींना फोन केला होता. मुलीला सरप्राइज द्यायचं म्हणून. मावशींनी सांगितलं, जावयाला पाठवते. मावशींनी — माझ्याशी समेट व्हावा म्हणून —

मी म्हटलं आई, टॅक्सी थांबव, उतर. ती हसली. म्हणाली, ऐकतोय हो तो, असं नाही बोलू. मग त्याचा आवाज, लांबून, शांत. काकू, द्या इकडे फोन. आणि कट.

उचलत नाही. पुन्हा नाही.

चौकीला फोन केला. निघालो म्हणाले. फोनवरच्या बाईंनी त्याचं नाव विचारलं. कू पानदोल म्हणाले मी. दुसरं कोणतं सांगू? बोराताई पण निघाली आहे, तिला नदीच्या पलीकडून यायचंय.

खिडकीतून पाहिलं. टॅक्सी आली. स्वच्छ ऊन आहे. गल्ली भरलेली आहे. लाँड्रीवाले काका वाकून नमस्कार करताहेत. मी ओरडले — आई, पळ — काकांनी वर पाहिलं आणि मान खाली घातली. नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडतं? आईने हात हलवला. तिचा दुसरा हात त्याच्या हातात आहे. जिना चढायला आधार दिल्यासारखा.

पायात ते बूट.

जिन्यात आहेत. आई गुडघ्यांबद्दल सांगते आहे. तो म्हणतोय, सावकाश, काकू.

पिप. पिप. आकडा आईने त्याला वाचून दाखवला असणार. कुलूप उघडल्याची ती धून वाजली.

कडीने दार अडलंय. फटीतून राखाडी टोपी. त्याच्यामागून आई म्हणते आहे, अगं दाओन, कडी काय लावलीस, कालवं खराब होतील. त्याने तिचा दंड सोडलेला नाही. ती आता म्हणाली, अहो, जरा दुखतंय — हसतच म्हणाली, पण —

तो फटीशी तोंड आणून, फक्त मला ऐकू येईल इतकंच बोलला.

"सांगितलं होतं ना. मी रोज इथेच असतो."

चौकीची गाडी ऐकू येत नाही. आई आता हसत नाही.

कडी काढायला हवी. मी काढली नाही तर आई त्याच्याबरोबर बाहेर आहे. वही तांदळाच्या डब्यात ठेवते. जो वाचेल त्याने नीट लक्षात घ्या — नाव मी दिलं, बूट मी आणले, माणूस माझा नाही. कू पानदोल म्हणून कोणाला शोधू नका. त्याचं खरं नाव मला