पंधरा, सतरा की वीस

२ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, आता उपचार नाहीत. दुखणं कमी ठेवायचं, एवढंच. कॅन्सरने नेल्डाचं कमरेचं हाड पोखरलंय, आता मणक्यातही पोचलाय. घरी आल्यावर "मी जरा पडते" म्हणाली. मी तिच्याजवळ बसून राहिलो. दुसरं काय करणार? चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच माझ्या हाताला काम नव्हतं.

५ सप्टेंबर

बसूनच आहे. चर्चमधल्या बायका झाकलेली भांडी आणून देतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर नाव, म्हणजे रिकामं भांडं कुणाचं ते कळावं. चीज घातलेले बटाटे, कोंबडी-भात, पुन्हा चीज घातलेले बटाटे. नेल्डा दोन घास खाते. बाकी मी उभ्याउभ्या गिळतो.

६ सप्टेंबर

आज भलतंच! म्हणाली, "डॉयल, या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सगळे जुन्या गाड्या घेऊन कोर्टाच्या चौकात येतील ना, तेव्हा मलाही एक चक्कर मारून आण. तुझ्या पिकअपमधून."

म्हटलं, "त्या खटाऱ्यातून? एका खड्ड्यात जीव जाईल तुझा."

"मग चाकं बदल. मी ऐकतेय तेव्हापासून बदलतो-बदलतो म्हणतोयस."

आयुष्यभर त्या गाडीला शिव्या घालत आली. हिला आता हे डोहाळे! पण मागितलंय तर द्यायचं. उठलो नि गॅरेज उघडलं.

९ सप्टेंबर

डोनटच्या दुकानात ट्रुइट भेटला. आम्ही शाळेपासूनचे. टेबलाभोवती आणखी चौघं, प्रत्येक जण चाकांतला पंडित.

ट्रुइट म्हणाला, "वीस इंची घाल, लेका! एकोणसत्तरची शेव्हरोले ती! वीसची चाकं, गाडी जमिनीला टेकलेली — पोरी वळूनवळून बघतील."

म्हटलं, "पोरी नकोत मला. एका बाईला बसवायचंय, तेही न दुखवता."

मग ट्रुइटच म्हणाला, "नेल्डा येणार होय? मग वीसचं नाव काढू नकोस. रबर राहतं बोटभर, रस्त्यावरचा खडासुद्धा कमरेला कळेल तिच्या."

१० सप्टेंबर

तिचा पाय किती उचलतो ते पाहिलं. जमिनीवर वीट ठेवली, तिने पाय ठेवला. दोन विटा ठेवल्या — नाही जमलं. गाडीत चढायला त्याच्या कितीतरी वर पाय टाकावा लागतो.

ठेंगणा टायर घातला तर गाडी खाली येते, पण रबर कमी, म्हणजे धक्के. पंधराच्या चाकावर जाडजूड टायर घातला तर गादीसारखा, पण मग गाडी उंच! सतरा म्हणजे धड ना हे, धड ना ते. डोकं धरून बसलो.

आतून हाक: "काय रे, ठरलं का?"

"नाही!"

"मग बसलायस काय? जा, पुन्हा मोज."

११ सप्टेंबर

पंधरा. जाड रबर. तिला मी उचलून चढवेन. दुकानदाराला फोन केला. "एकोणसत्तरची ना? म्हणजे सहा बोल्टची चाकं?" म्हटलं, "अर्थात सहा! मला शिकवतोस?"

१३ सप्टेंबर

उचलून म्हणे! आज रोझाल्बा — घरी येते ती नर्स — चादर बदलत होती. नुसता खांद्याखाली हात घातला, तर नेल्डा किंचाळली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. कसली चाकं नि कसली चक्कर.

१४ सप्टेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

१७ सप्टेंबर

चाकं आली. देखणी! मागची दोन बसवली, बोल्ट कसे गपकन बसले. पुढच्या चाकावरची झाकणी काढली आणि बघतच राहिलो. पाच बोल्ट.

पाच!

ब्रेक चांगले हवेत म्हणून मीच पूर्वी पुढचा सगळा सांगाडा नंतरच्या सालातल्या गाडीचा बसवला होता. त्या गाड्या पाच बोल्टच्या. चारी चाकांवर एकसारख्या झाकण्या लावून टाकल्या, आणि साफ विसरलो. स्वतः केलेलं काम! अक्कल कुठे गहाण टाकली होती देव जाणे. बदलून यायला पुढचा महिना उजाडेल. ती तेवढी थांबणार आहे का?

१८ सप्टेंबर

तिला सांगायचं नव्हतं, पण तोंडावर दिसतंच माझ्या. सांगितलं. तर अशी हसली! "मला भाजीत मीठ किती ते शिकवतोस, आणि स्वतःच्या गाडीचे बोल्ट मोजता येत नाहीत?" हसताहसता कण्हायला लागली, तरी थांबेना. मीही हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन रडलो.

बाहेर आलो तर म्हणते, "आता ट्रुइटकडे जा. त्याच्या परसात चाकांचा ढीग आहे."

२० सप्टेंबर

ट्रुइटने पाच बोल्टची दोन काढून दिली. पंधराचीच, पण डिझाइन वेगळं, चकाकीही वेगळी. "चौकात कुणी हसला तर त्याचं नाव मला सांग," म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. मी तिकडे पाहिलंच नाही.

गाडी पुढून एक, मागून दुसरी दिसते. हसोत लेकाचे.

२२ सप्टेंबर

नेल्डा दोन चमचे पाण्यावर आहे. तरी विचारते, "सीटवर काय घालणार?" फोम आणला, कापला, शिवला. "काचा पुसल्यास?" पुसल्या. "दाराचं कुरकुरणं?" तेल घातलं. आत गेलो की नवीन काहीतरी काढते आणि मला बाहेर पिटाळते.

२३ सप्टेंबर

रोझाल्बाने बाहेर गाठून सांगितलं, "डॉयल, नुसतं उचलताना हाड मोडू शकतं. आणि शुक्रवारपर्यंत..." मला माहीत आहे. तरी हवा भरली टायरांत, थोडी कमीच, टायर मऊ राहावेत म्हणून. मूर्ख आहे मी.

२५ सप्टेंबर

सकाळी हात ग्रीसने काळे तसाच आत गेलो. म्हटलं, "नेल्डा, गाडी तयार आहे. उद्या."

म्हणाली, "मला कुठे जायचं नव्हतं, डॉयल. कधीच नव्हतं. तू इथे बसून माझ्याकडे बघायचास ना, मी आधीच गेल्यासारखा... मला बघवेना. म्हणून घालवलं तुला बाहेर."

मी खुर्ची जवळ ओढली.

"आता नको जाऊस. आता मला भीती वाटतेय."

हात धुवायलाही उठू देत नाहीये.