दोरीच्या अलीकडे

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. दुकानात चष्म्यांची रांग आहे आणि घरात माझी परीक्षा. लग्नाला वर्ष व्हायचंय आणि मी एकदम नऊ वर्षांच्या मुलीचा बाप. लोक जे हळूहळू शिकतात, ते मला घाईघाईने शिकावं लागतंय.

परवा भिंगरीची जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा बघायला प्रथमच गेलो. ताई, मला ओ की ठो कळलं नाही. एकाच हॉलमध्ये चार कोपऱ्यांत चार मुली एकदम उड्या मारतात. सगळ्यांचे पोशाख सारखे, अंबाडेही सारखे. जिच्यासाठी हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या ती भलत्याचीच निघाली. तिच्या आजोबांनी माझे मनापासून आभार मानले. गुणांचं तर विचारूच नकोस. एकीला दहापैकी नऊच्या वर मिळाले तरी ती रडत होती. दुसरीला पुष्कळ कमी, आणि ती नाचत होती!

येताना भिंगरीला विचारलं, राग आला का गं. तर म्हणाली, काही हरकत नाही. ताई, ती मला नेहमी हेच म्हणते. तिच्या वहीवर चहा सांडला, काही हरकत नाही. न्यायला उशीर झाला, काही हरकत नाही. आईशी रोज कडाकडा भांडते, माझ्याशी मात्र पाहुण्याशी वागावं तशी. गिऱ्हाइकंसुद्धा माझ्याशी इतकी सभ्य नसतात. मी या घरातला कधी होणार, याचा मला घोर लागलाय.

तू जन्मभर शाळेत पोरांना कोलांट्या शिकवल्यास, स्पर्धांना पंच म्हणून बसलीस. निदान स्पर्धा तरी समजावून सांग. पुढच्या खेपेला तुझ्या भावजयीला प्रयोगशाळेत ड्यूटी आहे, म्हणजे मी एकटाच.

लोभ आहेच, या वेळी थोडी अक्कलही पाठव.
तुझा धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण चौकशीला आली. दुसऱ्याच्या नातीला टाळ्या दिल्यास म्हणून काय बिघडलं? त्या आजोबांचा दिवस तरी चांगला गेला.

आता नीट वाच. या वयात पंच गुण देत नाहीत, कापतात. पोर पूर्ण गुण घेऊनच उभी राहते. गुडघा वाकला, पाऊल हललं, की कात्री. नऊवालीला गेलेला तुकडा दिसतो म्हणून ती रडते. कमीवालीचे मागच्या वेळी याहून जास्त कापले गेले असतील, म्हणून ती नाचते. तेव्हा किती मिळाले हे विचारू नकोस. पाणी, केळं आणि स्वेटर घे आणि दोरीच्या अलीकडे गप्प बस. पलीकडे पालकांचं काम नाही. मी भल्याभल्या बापांना तिथून हाकललंय.

राहता राहिली भिंगरी. एक बाप निघून गेलेला तिने पाहिलाय. दुसऱ्याशी ती जपूनच वागणार, न जाणो हाही जायचा. उगाच लाडीगोडी लावू नकोस. रोज असतोस तसा अस, एवढंच.

भावजयीला आशीर्वाद, भिंगरीला पापा. तुझा कान पिळायचा राहिला, भेटीत बघू.
ताई

१० मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं सगळं ऐकलं आणि शेवटी माती खाल्लीच.

भिंगरी बीमवर चढली. तुला काय सांगायचं, पण ती उंचावरची आडवी पट्टी माझ्या पंजाएवढीही रुंद नाही गं! अर्धं झकास झालं. मग वळताना पाय सटकला आणि पोर धप्पकन गादीवर. हलेना. दोरी ओलांडून कधी धावलो मलाच कळलं नाही. हातात केळं तसंच. तिला उचलून छातीशी धरली. पंचबाई ओरडल्या, तिचे सर डोकं धरून बसले. मग कळलं, पडलेल्या मुलीला दम घेऊन पुन्हा चढायला जरा वेळ देतात आणि ती तोच घेत होती. बाहेरच्या माणसाने हात लावला म्हणून तिचा बीम बाद.

मी मान खाली घालून उभा. आता 'काही हरकत नाही' ऐकायचं, अशी मनाची तयारी केली. आणि ताई, तिने तोंड उघडलं ते छप्पर उडेल असं. मी पडले होते, मेले नव्हते, म्हणाली. तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही, म्हणाली. बसथांब्यावर, बसमध्ये, जिन्यात, पट्टा चालूच. स्वेटर दिला तो फेकला. मग थंडी वाजली तेव्हा तो उचलून का देत नाही म्हणून पुन्हा ओरडली.

घरी आईपुढे सगळं साभिनय झालं. तुझी भावजय ऐकता ऐकता स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. मी घाबरलो. तर म्हणाली, अरे वेड्या, आजवर ती असं फक्त माझ्याशी भांडलीय.

पोरीची मेहनत वाया घालवली याचं फार वाईट वाटतं. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मी आनंदात आहे. हे घरात बोलायची सोय नाही, म्हणून तुला लिहितोय. भिंगरीने तुझा पत्ता मागून घेतलाय. कशाला, ते सांगत नाही.

रागावलीस तरी चालेल, माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

१४ मार्च

ती. आत्यांना,
साष्टांग नमस्कार. (हे आईने लिहायला सांगितलं.)

तुम्ही पंच होता म्हणून तक्रार तुमच्याकडे करते. तुमच्या भावाने माझा बीम घालवला. शेवटची उडी राहूनच गेली. ती मला सगळ्यात छान येते. मी अजून त्यांच्याशी बोलत नाही. गणितापुरतं बोलते.

काल सरावाला मुली त्यांची नक्कल करत होत्या. केळं घेऊन धावायच्या आणि खिदळायच्या. मला खूप राग आला. मी सांगितलं, आमच्या माणसाला हसायचं असेल तर आम्ही हसू, तुम्ही नाही.

पुढच्या स्पर्धेला आईला सुट्टी आहे. तिने विचारलं, यांना घरीच ठेवू या का. मी नको म्हटलं. ते येणार आहेत. फक्त तुम्हीही या, त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांचा हात घट्ट धरून ठेवा. बीमवरून सगळेच पडतात, मीही पुन्हा पडेन, आणि त्यांना ते बघवत नाही.

तुमची भाची,
भिंगरी