त्या वळणापासून पुढे

कुपवाड

प्रिय सम्मेद,

तुला फरीदाचाचीचा आशीर्वाद. तू फोन बंद करून बसलास, म्हणून हे पत्र. साताऱ्याला घरी आल्यापासून तू खोलीबाहेर पडत नाहीस, भरल्या ताटावरून उठतोस आणि चॅनेलवाल्यांना 'आता परत येणार नाही' असं कळवून टाकलंस, हे सगळं राजमतीनं सांगितलं. फोनवर रडत होती ती, तुझी आई. मी तिला काय धीर देणार? माझाच फारूक मिरजेच्या दवाखान्यात डोळे मिटून पडलाय. आम्ही दोघी एकमेकींना जेवलीस का विचारतो आणि दोघीही खोटं बोलतो. गल्लीतला कृष्णात कामाला शिरवळला निघालाय, तो वाटेत उतरून हे पत्र तुझ्याच हातात देईल. घरात दुसऱ्या कुणाकडं द्यायचं नाही, असं बजावलंय त्याला.

त्या रविवारी इथं काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. चाचांच्या लेथच्या शेडपुढं मोठा टीव्ही लावला होता. गल्ली तर होतीच, शिवाय कारखान्यातली पोरं गाड्या लावून उभी. आपला फारूक मोटारसायकलच्या शर्यतीत आणि बोलणारा आपला सम्मेद, तेही मराठीत! आजवर ते इंग्रजी ऐकून पोरं नुसत्या माना डोलवायची. तू 'आलं रं आलं, कुपवाडचं पोरगं आलं, धरा की कुणीतरी त्याला!' म्हणालास आणि शिट्ट्यांनी पत्रा हलला. शेजारच्या बनुबाईंना फारूकची गाडी कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही. समोरून जाईल त्या गाडीला त्या 'पळ रं माझ्या राजा' म्हणत होत्या.

मला तुमचं लहानपण आठवत होतं, तुझं घर साताऱ्याला जायच्या आधीचं. चाचा तुम्हा दोघांना कुस्तीच्या मैदानाला न्यायचे. फारूक कुस्ती बघायचा आणि तू माइकवर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघत बसायचास. घरी आलं की मोकळ्या प्लॉटवर तो सायकलच्या फेऱ्या मारणार आणि तू माझं रॉकेलचं नरसाळं तोंडाला लावून ओरडणार. तोंडाला वास लागायचा म्हणून किती धपाटे खाल्लेस माझे! पण तू गप्प झालास की तो सायकल थांबवायचा. तुझ्या आवाजाशिवाय त्याला पळताच यायचं नाही.

तर त्या दिवशी टीव्हीवर पुढची गाडी दिसत होती आणि मागं वळणावर नुसती धूळ उठली. तू म्हणालास, 'लागली बघा कुणाची तरी पाठ मातीला!' कुस्तीतलं बोलणं ते. सगळी गल्ली हसली. सम्मेद, मीपण हसले. पदर तोंडाला लावून चांगली खदखदून हसले.

मग सगळे थांबले. कोण पडलं ते परत दाखवतील म्हणून. एरवी कुणी पडलं की तेच तेच दाखवून वीट आणतात. या वेळी दाखवेनात. कृष्णात म्हणाला, 'दाखवंनात म्हंजी लई लागलंय...' तेवढ्यात जाहिरात लागली.

जाहिरातीनंतर तुझा आवाज आला. 'सध्या प्रथम क्रमांकावरील स्पर्धक आपली आघाडी वाढविण्याचा प्रयत्न करीत आहेत.' पोरं वैतागली. 'ह्याला काय झालं? बातम्या द्याय लागला का?' मी मात्र उभी राहिले. आठवतं का, फारूक चिंचेवरून पडला तेव्हा तू धावत दारात आलास आणि म्हणालास, 'चाची, फारूक यांना दुखापत झालेली आहे.' घाबरलास की तू पुस्तकातलं बोलतोस, बाळा. तेव्हा त्या 'यांना'वर हसायला आलं होतं. या वेळी नाही आलं. चाचा अजून टीव्हीवर फारूकचा नंबर शोधत होते. मला कळून चुकलं होतं.

आता तुझं ते एक वाक्य कापून फारूकच्या फोटोखाली लावून फिरवतात. मित्र मरणाच्या दारात आणि हा हसतोय म्हणे. शर्यत संपेपर्यंत बडबडत राहिला, काळीज आहे का दगड, असंही लिहितात. आपल्या अंगणात जे मोठ्यानं हसले, तेच आता ते वाक्य पुढं पाठवतात. अरे, तू काय त्या वळणावर उभा होतास? मुंबईत एका खोलीत बसून आम्ही बघत होतो तेच बघत होतास. माझ्या सुमैराच्या मोबाइलवरून मी एकाला लिहिलं की, मी त्याची आई आहे, मीपण हसले होते. त्यानं मलाच खोटी ठरवलं! अंगणवाडीत एवढ्या पोरांना गप्प बसवते मी, पण या लोकांपुढं माझं काही चालत नाही. कुणापुढंच चालत नाही सध्या.

चाचांचं खोटं सांगणार नाही. ते रागावलेत. तुझं नाव निघालं की उठून बाहेर जातात. मी त्यांना समजावत नाही, कारण रागावायला त्यांना दुसरं कुणी सापडत नाही.

डॉक्टर म्हणाले, त्याच्याशी बोलत राहा, ओळखीचा आवाज कानावर पडू द्या. चाचा त्याला लेथवरची कामं सांगतात, सुमैरा लहानपणासारखी भांडते, मी आज काय शिजवलं ते सांगते. तो ढिम्म. परवा सुमैरानं त्याच्या कानाशी तुझी शर्यत लावली. 'कुपवाडचं पोरगं' आलं तेव्हा त्याचं बोट हललं. नर्सबाई म्हणाल्या, तसं आपोआपही हलतं. असेलही. पण ते 'पाठ मातीला'चं वाक्य जवळ आलं की सुमैरा मोबाइल बंद करते. रोज लावतो आणि रोज त्या वळणाशी थांबतो. पुढचं आमच्यापैकी कुणाला येत नाही. म्हणून हे पत्र, सम्मेद. तू ये. चाचा दारातून उठून गेले तर जाऊ देत, तू आत ये. त्याच्या उशाशी बस आणि त्या वळणापासून पुढची शर्यत त्याला सांग. त्याला उठव, गाडीवर बसव, वाटेल ते खोटं बोल. तो उठेलच असं मला कुणी सांगितलेलं नाही, मीही तुला सांगत नाही. फक्त येशील तेव्हा ते पुस्तकातलं बोलू नकोस रे. 'फारूक यांना' म्हणू नकोस.

वाट बघणारी तुझीच,
फरीदाचाची