स्टेपनीच्या जागी सुरमई

पनवेल, उरण नाका
गुरुवार, दुपार

तीर्थरूप बळीराम मामांस,
प्रितेशचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा. परवापासून आडवाच आहे, आडवा पडूनच लिहितोय.) इकडे आई बरी आहे, माझा ताप काल उतरला, डावा हात फडक्यात आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामीची शुगर? फोन केला असता, पण तुम्ही माझा फोन कापता. कागद वाचायला तरी घ्याल म्हणून तुमच्या दिपिकाच्या हाती पाठवतोय. ती कॉलेज सुटल्यावर इथून पत्र घेऊन थेट घरी येईल, तिला ओरडू नका. तुमच्या गाडीला परत हात लावायचा नाय असं तुम्ही आईला सांगितलंत ते कळलं. ते बरोबरच आहे. फक्त तो तुमचा शेवटचा शब्द ठरायच्या आधी झालं ते माझ्याकडून ऐका.

गाडी देताना तुम्ही सांगितलं होतं की मागे पाण्याचा वीस लिटरचा कॅन ठेव, स्टेपनीची हवा बघ, दर दोन तासांनी थांब, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नको, आणि जिथे जातोस तिथे आधी कळव. वर म्हणालात, "गाडी देतो हाय, अक्कल कुठशी देऊ?" मी सगळं लक्षात ठेवलं होतं, आईशप्पथ. पण मी सातपुड्यात राजसकडे निघालोय म्हटल्यावर (राजस म्हणजे माझ्या वर्गातला, आता धडगावच्या पुढे आश्रमशाळेत मास्तर आहे, दहावीला माझ्याच पेपरात बघून पास झाला, मी नापास, ते जाऊ दे) आई पहाटे नाक्यावरच्या मच्छी मार्केटात गेली आणि थर्माकोलचा खोका भरून घेऊन आली. दोन सुरमई, कोलंबी, वर बर्फ. दहा किलो. कुणाच्या घरी हात हलवत जायचं नाय, आणि वरच्या लोकांना बिचाऱ्यांना मासे कुठले, असं तिचं म्हणणं. खोका मागे बसेना. मग मी पाण्याचा कॅन काढला. तरी बसेना. मग स्टेपनी काढली. (ती आमच्या गॅलरीत सुखरूप आहे. आईने तिच्यावर सुकट वाळत घातलीय.)

आता मामा, तुम्ही तीस वर्षं बंदरातून ट्रेलर चालवलात, पण बर्फ घालून मासे नेले नसतील. त्या खोक्याने मला ड्रायव्हर ठेवलं होतं. थांबलो की बर्फ वितळणार, म्हणून नाशिकला थांबलो नाही, धुळ्याला थांबलो नाही. जेवायला थांबावं लागेल म्हणून जेवलो नाही, आणि लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी प्यायलो नाही. जवळ एक लिटरची बाटली होती, ती शहाद्याच्या अलीकडे संपली. (शहाद्याला एका दुकानावर पाटी होती, 'येथे जुने ट्रॅक्टर नवे करून मिळतील'. उतरून विचारायचं फार मनात होतं, माणसांचंही करतात का म्हणून. पण खोका.)

घाट लागला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला. उन्हाने डांबर मऊ पडलेलं, मोबाईलला रेंज नाही, आणि मी रुमाल गुंडाळून झाकण उघडलं. डाव्या हाताचं ते कारण. मग रेडिएटरला पाणी हवं, आणि पाणी म्हणून गाडीत होतं ते खोक्यातलं, बर्फाचं. तेच ओतलं. गाडी चालली, खोटं कशाला बोलू, तीन किलोमीटर छान चालली, फक्त बोनेटमधून कालवणाचा वास येत होता. मग मागचं टायर बसलं. स्टेपनीची जागा उघडून मी सुरमईकडे बघत राहिलो. पुढचं नीट आठवत नाही. डोकं गरगरलं, घाम यायचा थांबला, गार लागतं म्हणून खोक्यावर डोकं ठेवलं.

तिथून फिरत्या दवाखान्याची गाडी गेली म्हणून हे पत्र आहे. तिच्यातल्या कोमल सिस्टरांनी मला सावलीत ओढलं, अंगावर ओलं फडकं टाकलं, शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. मग वहीत लिहायला विचारलं, "पाणी किती घेऊन निघाला होतात?"
"एक लिटर."
"आणि मासे?"
"दहा किलो."
त्यांनी ते तसंच वहीत लिहिलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून अर्धा तास गेला असता तर तुमच्या घरी दुसराच फोन लावावा लागला असता." हे आईला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

मासे त्यांनी खड्डा करून पुरायला लावले. सिस्टरांचा निरोप मिळून राजस सायंकाळी धडगावला दवाखान्यात माझं सलाईन बघायला आला, तेव्हा कळलं की त्याने वर्षापूर्वीच मासे सोडलेत. त्याने मला हे आधी सांगितलं नाही, कारण मी येतोय हे मी त्याला आधी सांगितलं नव्हतं.

गाडी ठीक आहे. टायर नवं टाकलंय, रेडिएटर दोनदा धुतलाय. आठवडाभर काचा बंद करून बसू नका.

आपला भाचा,
प्रितेश

ता. क. त्या दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर पुढच्या महिन्यात कायमचा गावी चाललाय. परतताना घाटभर मी त्यांच्या मागेमागे उतरलो, खाली पोचल्यावर सिस्टर म्हणाल्या, गाडी नीट चालवता, स्वतःला चालवता येत नाही. मी त्यांना नोकरी मागितली. मामा, मी पाच नोकऱ्या सोडल्या, कुठल्याच ठिकाणी परत जावंसं वाटलं नव्हतं. तिथे वाटतंय. त्या रस्त्याला अजून कुणी असा पडलेला असेल. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला एका जुन्या ड्रायव्हरची शिफारस हवी. तुमच्याशिवाय मी कुणाला ओळखत नाही. फॉर्म सोबत आहे.

ता. क. २. फॉर्मवर चौथा प्रश्न आहे, 'उमेदवार दुर्गम भागात स्वतःची काळजी घेतो का? होय / नाही'. तुम्ही काय लिहिणार ते मला ठाऊक आहे, आणि खोटं लिहा असं मी म्हणणार नाही. पण खाली शेऱ्यासाठी एकच रेघ होती. मी पट्टीने आणखी तीन मारून दिल्यात. 'नाही' लिहा, पण त्या मोकळ्या सोडू नका.