बोट बायकोला, कारणासह

मी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मासेमारी, राहणार धक्क्यासमोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. छाती कुरकुरते, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायको शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालवत आहे आणि मी काय खरडतो आहे हे तिने अजून विचारलेले नाही.

कलम एक. राहते घर आणि खालचे जाळी ठेवायचे कोठार बायकोच्या हयातीत तिचे, तिच्या पश्चात मुलीचे. मधली भिंत पाडून खोली मोठी करावी असे जावई दोनदा बोलून गेले आहेत. सासू जिवंत असेतो त्यांनी हातोडा हातात घेऊ नये.

कलम दोन. बँकेत जे काही उरेल ते मुलीला. फार नाही. तिने तोंड वाकडे करू नये.

कलम तीन. इंजिनाच्या पान्यांची पेटी मावसभावाला. त्याने निदान पाने तरी पुसून ठेवावेत.

कलम चार. वडिलांचे पितळी होकायंत्र धाकट्या भावाला. वडिलांनी जाताना ते त्यालाच द्यायला सांगितले होते. ते समुद्रात पडले असे मी सगळ्यांना सांगितले. ते कपाटात, माझ्या स्वेटरांच्या खाली आहे. वडील म्हणायचे, "थोरला कष्टाळू, धाकटा हुशार." कष्टाळू ही शिवी आहे हे ज्याला ऐकावे लागते त्यालाच कळते. मी माफी मागत नाही, वस्तू परत करतो.

कलम पाच. बोट.

बावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या बोटींवर इंजिन सांभाळले आणि चोपन्नाव्या वर्षी स्वतःची बोट घेतली. पहिल्याच हिवाळ्यात, मोसमाच्या तोंडावर, बरोबर येणारा मावसभाऊ जिन्यावरून पडला आणि त्याने हात मोडून घेतला. बायको म्हणाली, "मी येते." मी हसलो. तोवर तिने उभा जन्म शिवणकाम केले होते.

पहिले चार दिवस ती दोर गुंडाळत होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "इथे नको. त्या तिकडे टाका."

"का?"

"पाण्याला चुण्या पडल्यात तिथे. कापड खालून ओढलं की पडतात तशा."

मला काहीच दिसत नव्हते. तिचा मान म्हणून टाकले, आणि जाळे वर घेताना आम्हा दोघांचे खांदे निखळायची वेळ आली. त्या दिवशी मला आनंद झाला, हे खरे. दुसऱ्या दिवशीही झाला. पंधराव्या दिवशी झाला नाही.

कारण धक्क्यावरचा बर्फवाला मला बघून विचारू लागला, "आज वहिनींनी कुठे टाकायला सांगितलं?" शेजारच्या बोटी आमच्या मागे यायच्या, आणि त्यांची माणसे माझ्याकडे नाही, तिच्या हाताकडे बघायची. धाकट्याची बोट माझ्या बोटीच्या दुप्पट. तोही संध्याकाळी घरी येऊन बसायचा. "वहिनी, उद्या कुठे?" आणि ती हसून त्याला सांगायची! बावीस वर्षे थंडीत हाडे मोडून मला जे आले नाही, ते तिला पंधरा दिवसांत यावे आणि तिने ते धाकट्याला चहाबरोबर द्यावे, हे मला पचले नाही. मी तिच्यावर जळलो. परक्या माणसावर जळले तर दार लावून घेता येते. आमचे दार एकच होते.

एका सकाळी मी तिला म्हणालो, "आज इंजिन उघडायचंय, तू झोप." आणि एकटा निघालो. आदल्याच दिवशी ती म्हणाली होती, "कातळाकडे नका जाऊ, तिथला तळ जाळं धरून ठेवेल." मी थेट कातळाकडे गेलो.

जाळे तळाला अडकले. मी रागाने जाळे ओढायचा विंच चालवला. दोर ताणला, सुटला, आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटे त्याच्याखाली गेली. जाळ्याचा सुटा भाग बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतून इंजिन बंद पडले. मग धुके उतरले. बोटीवर रेडिओ होता. पण त्यावर बोललो असतो तर सगळ्या धक्क्याने ऐकले असते. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत मी हात मफलरमध्ये गुंडाळून बसलो आणि रेडिओला हात लावला नाही. इतका मी जळत होतो.

पुढचे मला धाकट्याने सांगितले. दुपार झाली तरी मी जेवायला आलो नाही म्हणून ती धक्क्यावर आली, तर बोट जागेवर नाही. ती त्याच्याकडे गेली. तो म्हणाला, "दादा नेहमी उत्तरेला जातो." ती म्हणाली, "आज नाही. आज ते रागात आहेत. मी नको म्हटलं तिथेच असणार. कातळाकडे घ्या."

धुक्यातून त्यांची बोट अगदी जवळ आली तेव्हा ती पुढे उभी होती. माझा हात बघितला, पंखा बघितला, आणि म्हणाली, "झालं का इंजिन दुरुस्त?"

एवढेच. पुन्हा कधी तो विषय तिने काढला नाही.

मी गावभर सांगितले की तिला ताप होता म्हणून एकटा गेलो. तिने ते खोडले नाही. हात बरा झाल्यावर मी म्हणालो, "पुढच्या मोसमाला गडी ठेवतो. तुझे हाल होतात." ती मान हलवून शिवणयंत्रावर जाऊन बसली. त्यानंतरच्या तेरा हिवाळ्यांत बोटीने त्या एका हिवाळ्याएवढे कधी आणले नाही. कधी कधी मी खिडकीशी उभा राहून सहज विचारल्यासारखे विचारायचो, "आज पाणी कसं वाटतंय?" ती दोरा ओवता ओवता म्हणायची, "मला काय कळतं त्यातलं?"

सबब लिहून ठेवतो की ताप वगैरे काही नव्हता, तो हिवाळा तिचा होता, आणि माझ्यामागे बोट तिची.

धाकट्याने तिच्या बोटीवर पाय ठेवू नये अशी अट मी पुढे घातली होती. हा कागद तपासणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही गेल्यावर कोण चढलं ते बघायला येणार आहात का?" अट खोडली. इच्छा खोडलेली नाही, हे मात्र नोंदवतो.

दुरुस्ती. हे सगळे लिहून झाल्यावर सोमवारी मी कलम पाच बायकोला वाचून दाखवले. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी मरेपर्यंत थांब असं नाही म्हणत मी," मी म्हणालो.

"कागदात तर तसंच लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर बोट मिळाली तर मी गुडघे धरून बसायची का तिच्यात? द्यायची तर आत्ता द्या. नाहीतर जावयांना द्या."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मेल्यावर देणे सोपे असते, बघावे लागत नाही. बुधवारी बंदर कार्यालयात जाऊन बोट तिच्या नावावर केली. तेव्हा कलम पाचमधले बोट देण्याचे वाक्य रद्द समजावे; बाकीचे राहू द्यावे, कारण ते खरे आहे.

आज सकाळी ती बोट घेऊन गेली. बरोबर मावसभाऊ आहे आणि धाकटाही आहे. मी खिडकीत बसून सही करतो आहे. दुर्बिणीतून बोट दिसते. मी जाळे टाकले असते त्या जागेवरून ती न थांबता पुढे गेली, आणि तिथे पाणी वेगळे काय आहे ते मला अजूनही दिसत नाही.

साक्षीदार, आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. बर्फवाला (सही). वहिनींची वाट बघत धक्क्यावर थांबलो होतो, तिथून बोलावून आणले.
२. वकीलबाईंचा कारकून (सही)

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळ
दिनांक: अकरा जानेवारी, सकाळी साडेदहा

(सही) लिहून ठेवणार, बोटीचा पूर्वीचा मालक