सुतकाच्या घरी जेवायला जाणाऱ्यांसाठी

बाबाजी, स्वतःच्या साखरपुड्याला अंगठी घरी विसरून आलेला माणूस तू. तोंडी सांगितलेलं तुझ्या लक्षात राहील असं मानण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही. म्हणून हा कागद. हेमाली, हे वाचून होत असताना तो फोन घेऊन बाहेर निघाला, तर सुनेचा मान बाजूला ठेव आणि दाराला आतून कडी लाव.

मी, चंद्रावती राघो तांडेल, राहणार भाईंदर पश्चिम, धंदा सुकी मासळी विकणे, वय आधार कार्डावर अठ्ठ्याहत्तर आणि गुडघ्यांना विचाराल तर त्याहून बरंच जास्त, आज पुऱ्या भानावर राहून ही व्यवस्था सांगते आहे. डॉक्टरांनी माझ्या पोटातल्या गाठीबद्दल जे सांगायचं ते तुम्हाला बाहेर नेऊन सांगितलं आणि मला म्हणाले, "आजी, आता आराम करा." तेवढ्यावरून मला सगळं कळलं. डोकं मात्र शाबूत आहे. मला कुणी धमकावलेलं नाही, कुणी फूस लावलेली नाही. माझ्यावर दाब टाकू शकेल असा माणूस मासळीबाजारात तरी अजून जन्मलेला नाही. मला लिहितावाचता येत नाही. मी सांगते ते वकील मितेश दोशी लिहून घेतात आणि लिहिलेलं मला वाचून दाखवतात. ते "आजी, हे काढून टाकू या" म्हणाले, की ते वाक्य मी मुद्दाम ठेवते.

कलम एक. गावातलं राहतं घर राघोच्या वडिलांचं. राघोच्या मागे त्यात माझा जो काही हिस्सा येतो तो माझा मुलगा बाबाजी याला, देव्हाऱ्यासकट. देवांना उपाशी ठेवू नकोस. त्यांना तुझ्यासारखं मोबाइलवरून जेवण मागवता येत नाही.

कलम दोन. बाजारातली माझी बसायची जागा, पाट, कोयता, टोपल्या आणि तराजू माझ्या शेजारी बसणाऱ्या सुलूला. तराजूचं एक पारडं जड आहे असं गिऱ्हाइकं म्हणत आली. तसं काही नाही. सुलूने ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये.

कलम तीन. माझ्या पाटल्या आणि गळ्यातली माळ सून हेमाली हिला. ही पोरगी पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा नाकाला रुमाल होता. आज ती माझ्या शेजारी बसून जवळा निवडते, हिशेबात मला फसवते, आणि खात मात्र अजून काही नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची. मुलाऐवजी सून का, असं कुणी विचारलं तर पहिलं वाक्य पुन्हा वाचावं.

कलम चार. नणंद हंसा हिला माझी छत्री. काड्या मोडलेल्या आहेत, कापड उसवलं आहे. हंसाने ती आनंदाने घ्यावी. छत्रीच का, ते पुढच्या कलमात कळेल.

कलम पाच. सोसायटीच्या तळमजल्यावरचा माझा गाळा. हा मी मासळी विकून माझ्या नावावर घेतला. त्यात राघोचा किंवा तांडेलांपैकी कुणाचा काही संबंध नाही. हा गाळा मी 'सोबत' या नोंदणी केलेल्या संस्थेला कायमचा देते. बाबाजीला देत नाही. हे वाक्य दोनदा लिहा, असं मी मितेशभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "आजी, एकदा लिहिलं तरी कोर्टाला कळतं हं." कोर्टाला कळेल. बाबाजीचं मला सांगता येत नाही. गाळा बाबाजीला देत नाही.

गाळा दिलमायाच्या नावे करावा असं माझ्या मनात होतं, कारण संस्था चालवते ती. पण ती नेपाळची, आणि परदेशी माणसाच्या नावे जागा करायची तर परवानग्यांचा डोंगर, असं मितेशभाई म्हणाले. म्हणून संस्थेला. दिलमाया जिवंत असेपर्यंत किल्ली तिच्या कमरेला.

त्या गाळ्यात काय चालतं ते नातेवाइकांना कधी कळलं नाही. बाबाजी त्याला 'आयेची धर्मशाळा' म्हणतो. तिथे परक्या देशांतून इकडे पोटासाठी आलेली माणसं येतात. नेपाळचे वॉचमन आणि त्यांच्या बायका जास्त. ब्रह्मदेशाचं एक कुटुंब. कोरियाची दोन-चार माणसं, कारखान्यांत मशिनी बसवायला आलेली. हायवेवरच्या मसाजच्या दुकानात थायलंडच्या पोरी होत्या, त्यांचे पासपोर्ट मालकाने कपाटात घातले होते. त्यातली एक शवपेटीतून घरी गेली. दुसरी आमच्या गाळ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि एक दिवस दिलमायाबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन उभी राहिली. दवाखान्यात सोबत जाणं, डॉक्टर काय म्हणतो ते ज्याला त्याला कळेल असं सांगणं, पोरांना शाळेत बसवणं, परवान्याचे कागद करणं, मार खाल्लेल्या बाईला दोन रात्री झोपू देणं, एवढंच काम. पाटी लहान आहे. मला ती वाचता येत नाही, पण पुसते मीच.

हे सुरू झालं राघो गेला त्या आठवड्यात. तेही लिहा, मितेशभाई.

माझ्याकडे सुकी मांदेली न्यायला एक कोरियाची बाई यायची, ओकसुन. नवरा घोडबंदरच्या बाजूला कारखान्यात मोठा कारागीर. ती मांदेली एकेक करून उलटीपालटी बघायची आणि मी तिला शिव्या घालायची. शिव्या तिला कळायच्या नाहीत, म्हणून आमचं छान जमलं होतं. राघोला जाऊन तिसरा दिवस, आणि हंसा सांगत आली.

"वयनी, तुजी ती चिनी बाय हाय ना, तिचा दादला गेला. एकाएकी."

"चिनी न्हाय, कोरियाची."

"तेच ते. आमी बिल्डिंगीतल्या बायका दारात गेलो, तर ही जेवायला वाढते! मयताच्या घरी! बसा म्हणते, वाट्या हातात देते. आमी पाणीसुद्धा घेतलं न्हाय. तोंडाला पदर लावला नि मागे फिरलो, जिन्यात येऊन हसलो. लाज न्हाय गो तिला."

आपल्याकडे सुतकाच्या घरचं पाणी घेत नाहीत, हे हंसाचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पदर लावणं आणि बाहेर येऊन हसणं. म्हणून छत्री, पुढच्या वेळी तोंड झाकायला.

संध्याकाळी हेमाली आली. बाबाजीशी तिचं लग्न व्हायचं होतं, ती त्याच बिल्डिंगीत राहायची तेव्हा. म्हणाली, "आई, ती दार उघडं टाकून बसलीय. ताटं तशीच मांडलेली. तिची कामवाली दिलमाया सांगते, त्यांच्याकडे मयताला आलेल्याने जेवून जायचं असतं. न जेवता गेला तर गेलेल्या माणसाचा अपमान होतो म्हणे. लोक येतात, बघतात, जातात. ती प्रत्येक वेळी गार झालेलं परत गरम करतेय."

मी उठले. घरात एकच गलका झाला. बाबाजी दारात आडवा. "आये, दहावं व्हायच्या आधी उंबरा ओलांडतेस? नि तेही दुसऱ्याच्या सुतकात?"

"मला सुतक हायेच," मी म्हटलं. "आता आणखी कुठे लागायला जागा उरलीय?"

मी गेले. ओकसुन काळ्या कपड्यात जमिनीवर बसलेली. नवऱ्याच्या फोटोसमोर वाती, फळं. तिने माझ्यापुढे वाटी ठेवली. लालभडक रस्सा, त्यात माझीच मांदेली. मी जेवले. मीठ कमी होतं, तसं मी तिला सांगितलं. तिने पुन्हा वाढलं. मी पुन्हा जेवले. दिलमाया दारात उभी होती, तिलाही हाताला धरून बसवलं. राघो गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. तिथे आलं. रस्सा तिखट होता असं मी घरी सगळ्यांना सांगितलं.

तिच्या नवऱ्याची राख खाडीत सोडली. तिच्या देशात तिचं कुणी उरलं नव्हतं, आणि राख इथे. ती राहिली. गाळा माझा, डोकं ओकसुनचं आणि पाय दिलमायाचे, अशी 'सोबत' उभी राहिली. ओकसुनने आमचं बाजारातलं मराठी उचललं, शिव्यांसकट, आणि मग आधी मी काय काय बोलले होते तेही तिला कळलं.

कलम सहा. हे कलम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून बाबाजी इथे पाणी पिऊन घे.

ओकसुनला गेल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली. ती गाळ्याच्या आतल्या खोलीत पडून असते. झटक्याने तिचं मराठी गेलं, हिंदी गेलं. उरलं फक्त तिच्या देशाचं बोलणं. इतकी वर्षं परक्या बायकांचं दुखणं डॉक्टरला समजावून सांगणारी बाई. आता तिचं दुखणं आमच्यापैकी कुणाला कळत नाही. पुण्यात एक कोरियन बाई आहे, ती फोनवर बोलते. फोन ओकसुनच्या कानाला लावला की ती खूप बोलते. मग ती पुण्याची बाई आम्हाला सांगते की पाठ दुखतेय. एवढं बोलली त्यात पाठच होती का, ते मी विचारत नाही.

गेल्या महिन्यात बाबाजी मला म्हणाला, "आये, तिला आश्रमात टाकू. वसईला हाय एक, चांगला हाय. गाळा मोकळा होईल. मिठाईवाला मागतोय."

मी म्हटलं, "आणि तिकडे ती बोलली तर?"

"इथे तरी कुणाला कळतंय?"

खरं बोललास. इथेही कळत नाही. पण इथे ती बोलायला लागली की दिलमाया हातातलं काम टाकून समोर बसते. आश्रमातले लोक तिला वेडी समजतील, बाबाजी. बडबडणाऱ्या म्हातारीला झोपेचं औषध देतात. मी सरकारी दवाखान्यांत बसून हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून माझी अट अशी की ओकसुन मरेपर्यंत त्याच खोलीत राहील. संस्थेनेही तिला हलवायचं नाही, कुणी कितीही मोठी देणगी पुढे केली तरी. बँकेत माझं जे काही आहे ते तिच्या औषधाला, आणि तिच्यामागे गाळ्याच्या विजेला.

कलम सात. मी ओकसुनला गावदेवीसमोर नारळ ठेवून बहीण मानलेली आहे. सगळी गावकी साक्षीला होती आणि हंसा रुसून मागे बसली होती. म्हणजे बाबाजी, ती तुझी मावशी. दवाखान्यात कागद पुढे करून "कोण लागते?" विचारतील. तिथे दिलमाया "मैत्रीण" म्हणते आणि ते तिला बाहेर बसवतात. तू मावशी म्हण. तुझ्या तोंडून निघालं की ते ऐकतात. का ऐकतात ते मला विचारू नकोस.

ती जाईल तेव्हा सुतक तू धर. तिच्या नवऱ्याच्या फोटोशेजारी तिचा लाव. दार उघडं ठेव, आणि येईल त्याला बसवून वाढ. गावकीतली माणसं जेवणार नाहीत, ते मला ठाऊक आहे. तू नि हेमाली जेवा. नेपाळच्या बायका कुरकुरतील आणि मग जेवतील, दिलमाया त्यांना बघून घेईल. ताट कितीदा गार झालं तरी ते उचलून आत नेऊ नकोस.

हे तुझ्याकडून कोर्ट करवून घेऊ शकत नाही, असं मितेशभाईंनी सांगितलं. नाही केलंस तर मी काही भूत होऊन येणार नाही. मेलेलं माणूस येत नाही. तेच तर वाईट आहे.

कलम आठ. याआधी कुणी माझ्या नावाने काही कागद केला असेल तर तो रद्द. मी अंगठा एकदाच उठवते, आणि तो हा.

वरील सर्व मला वाचून दाखवलं, मला पटलं, दोन ठिकाणी मी हसले, एका ठिकाणी मितेशभाईंनी चष्मा पुसला.

स्थळ: भाईंदर पश्चिम
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: चंद्रावती राघो तांडेल, अंगठ्याचा ठसा

साक्षीदार, ज्यांना या कागदातून काहीही मिळत नाही आणि तरी आले:
१. प्रीतम गोवर्धन घरत, शिक्षक (सही)
२. संजना साईराज भोईर, परिचारिका (सही)

लिहून घेणार: अ‍ॅड. मितेश दोशी (सही)

अंगठा उठवल्यानंतर सांगितलेलं. सहीच्या खालचं कायद्याला दिसत नाही, असं मितेशभाई म्हणतात. न दिसू दे. बाबाजी, हे तुझ्यामाझ्यातलं. मी जाईन त्या दिवशी आपल्या घरी गॅस पेटणार नाही, लोक पिठलंभात आणतील. तो ओकसुनला पाठवू नका, पिठलं तिच्या घशात बसतं. सुलूकडून तांदळाची पेज करून घे, पातळ, मीठ बेताचं, वर चमचाभर तूप. सोबत एक पिकलेलं केळं कुस्करून. डबा दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस, स्वतः ने. तिला उशीला टेकवून बसव आणि चमचा डाव्या बाजूने दे. उजव्या गालात साठून राहतं, ते बोटाने काढ. ती काहीतरी विचारेल. तुला कळणार नाही, पण माझंच विचारत असेल. मान हलव आणि पुढचा चमचा दे. डबा रिकामा झाल्यावरच पुण्याचा फोन लावून तिला मी गेल्याचं सांग. आधी पेज.