लूम बंद ठेवले तो दिवस

४ फेब्रुवारी १९७४
पुन्हा गिलावा पडला – थेट आईच्या अंथरुणावर! खाली भाडेकरू नूर मोहम्मदचे लूम, कापड विणायचे यंत्रमाग, सुरू झाले की आमची माडीवरची खोली अशी थरथरते, की फळीवरची भांडी सरकत सरकत काठाला येतात. मागच्या भिंतीला पोट आलंय. आई तिलाच लागून झोपते. अंथरुणातून उठता येत नाही तिला, आणि खाट हलवायला जागा नाही.

७ फेब्रुवारी
जुनी घरं दुरुस्त करायची सरकारी योजना आलीय. इंजिनिअर पाहणार, घर धोक्याचं ठरलं तर दुरुस्ती. आणि घरात लूम असले तर योजना नाही. वा! भिवंडीत बिनलूमचं जुनं घर दाखवा मला! सचिवालयात पंख्याखाली बसून लिहिलं असणार कुणीतरी.

संध्याकाळी घरमालक दौलतशेठ चक्क जिना चढून आला. भाडं मागायचं सोडून दुसरं बोलला, हेच नवल. "बाई, इंजिनिअर येल त्या दिवशी लूम बंद. खाली कुलूप लावा. नायतर योजना गेली समजा."

नूर मोहम्मद लगेच तयार झाला. "एक दिवसाची मजुरी गेली तर जाऊंदे. आईंच्या अंगावर भिंत पडायला नको." भला माणूस.

१५ फेब्रुवारी
आज शिकवायला गेले नाही, शाळेला दांडी मारली. इंजिनिअर आला. खाली कुलूप, सगळं गप्प. इतकं गप्प की आई घाबरली – "काय झालं गं?"

साहेबाने भिंतीवर थाप मारली. पोट दाखवलं तर म्हणे, "मातीच्या भिंतींना असतंच." फळीवर पाण्याचा पेला ठेवून बघत बसला. पाणी हलेना. हलणार कसं! "हादरा नाही. घर मजबूत आहे." माझाच चहा पिऊन हे लिहून घेतलं मेल्याने!

आणि मी? बोलले तर लूम उघडे पडतात, म्हणून गप्प. किळस आली – साहेबाची, योजनेची, आमच्या हुशारीचीसुद्धा. त्याची पाठ वळली, नूर मोहम्मदने लूम चालू केले, आणि पेला खाली.

१६ फेब्रुवारी
काही लिहवत नाही. शी!

२ मार्च
सकाळपासून हमाल जिन्यावरून लूम चढवताहेत – आमच्या शेजारच्या रिकाम्या खोलीत! दौलतशेठचे स्वतःचे. मी जिन्यात आडवी उभी राहिले. तो हसला.

"आता कशाला घाबरता, बाई? सरकारी माणूसच सांगून गेला ना, घर मजबूत हाय."